साठीनंतर मनासारखं नेसणं-घालणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लाउज, कुर्ते आणि जॅकेटं शिवणं हा माझा व्यवसाय. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी पन्नाशी ओलांडलेल्या. माप देताना, टेप गळ्याभोवती असताना, त्या हळूच काहीतरी विचारतात. बहुतेकींचे प्रश्न सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. एक प्रश्न पुरुषांबद्दलचाही आहे.

या वयात हे मला शोभेल का?

शोभेल. हा प्रश्न तुम्ही पहिल्यांदा विचारत नाही आहात, एवढं फक्त आठवून बघा. पंचविशीत सासूबाईंना चालेल का, हे बघितलंत. चाळिशीत मुलांच्या शाळेत बरं दिसेल का, ते बघितलंत. नंतर ऑफिस, मग मुलीचं लग्न, मग जावई. प्रत्येक वेळी हौस पुढच्या खेपेला ठेवली. आता पुढची खेप कुठली धरायची?

मी कापड दाखवताना तीन गोष्टी बघायला सांगते. हे अंगावर टोचतंय का? घालून मांडी घालता येते का, रिक्षात चढता येतं का? आणि आरशासमोर धरल्यावर चेहरा खुलतोय का? तिन्हींची उत्तरं मनासारखी आली की चौथं काही विचारायचं नाही.

सुरुवात कुठून करू? एकदम वेगळं काही घालायचा धीर होत नाही.

ब्लाउजपासून. यावर माझं मत अगदी ठाम आहे. साडी तीच, ओळखीची, कपाटातली. खाली घातलेला ब्लाउज तेवढा बदलायचा. पदर घेतल्यावर तो निम्मा झाकला जातो, त्यामुळे ज्यांना लाज वाटते त्यांनाही तो घालून बाहेर पडता येतं. खर्च साडीच्या मानानं फारच कमी. आणि आवडला नाही तर एक ब्लाउजच वाया गेला म्हणायचं.

वर्षानुवर्षं आपण 'मॅचिंग'च्या दुकानात साडीचा काठ घेऊन जातो आणि त्याच रंगाचा टू बाय टू घेऊन येतो. ती सवय मोडा. आमसुली साडीवर केतकी पिवळा, चिंतामणी निळ्यावर डाळिंबी, साध्या पांढऱ्या सुती साडीवर खणाचा गर्द जांभळा. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, त्याचा पन्हा अरुंद असतो आणि बारीक बुट्टीची वीण अंगावर छान चमकते. थोरल्या बायकांच्या अंगावर तो पिढ्यान् पिढ्या होताच, तेव्हा 'हे नवं फॅड' असं म्हणायलाही कुणाला जागा राहत नाही.

रंगानंतर गळा आणि बाही. कोपरापर्यंतची किंवा थ्री-फोर्थ बाही, बंद गळा, स्टँड कॉलर, पाठीला बटणं, बाहीच्या टोकाला दुसऱ्या रंगाची पायपिंग. माझ्याकडच्या एक काकू निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. आयुष्यभर एकाच मापाचा, एकाच गळ्याचा ब्लाउज. त्यांनी इरकलवर शर्टासारखी कॉलर असलेला, समोर बटणांचा ब्लाउज शिवून घेतला. ट्रायलला त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, कॉलर दोन बोटांनी सरळ केली आणि म्हणाल्या, "आणखी दोन शिवा." रंगसुद्धा सांगितले नाहीत, म्हणाल्या तुम्हीच निवडा.

नवरा गेल्यापासून मी फिक्या साड्याच नेसते. आता रंग घातला तर?

घाला. हा प्रश्न विचारताना आवाज सर्वांत खाली जातो, म्हणून याला सविस्तर उत्तर देते.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं ही प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हाच कित्ता गिरवावा असं सांगितलं. एका गावानं सगळ्यांदेखत, चारचौघांत घेतलेला हा निर्णय आहे. घरात कुणी 'आपल्यात चालत नाही' म्हणालं तर ही हकीकत सांगायला हरकत नाही.

पण खरी अडचण बऱ्याचदा घरच्यांची नसते. हात गर्द रंगाकडे जातो आणि आपलाच आपल्याला धक्का बसतो, 'त्यांना' विसरले की काय असं वाटतं. यावर मी एकच सुचवते : त्यांना आवडणाऱ्या रंगानं सुरुवात करा. तुमच्या अंगावर त्यांना कुठला रंग आवडायचा, ते तुम्हाला ठाऊक असतं. तोच घ्या. घाई करू नका. घरात नेसा, मग देवळात, मग लग्नात. टिकली, गजरा, बांगड्या यातलं जे तुम्हाला मनापासून हवं ते घ्या, जे नको ते राहू दे. पांढऱ्यातच शांत वाटतं म्हणणाऱ्याही आहेत, आणि त्यांना रंगाची सक्ती करणं हाही जाचच.

सुना-मुलींना एक विनंती. आई स्वतःहून मागणार नाही. दुकानात तिच्यासाठी बदामी रंगावर बोट ठेवण्याआधी तिची नजर कुठल्या साडीवर दोनदा गेली, तेवढं बघा.

केस पांढरे झाले. आता कुठले रंग?

गर्द. वय वाढलं की मोतिया, बदामी, बिस्किटी, राखाडी असं सरकत जायचं, ही समजूत पार उलटी आहे. काळ्या केसांमुळे चेहऱ्याला जो उठाव मिळायचा तो केस पिकल्यावर कमी होतो. त्यावर फिकं कापड घातलं की चेहरा आणखी ओढलेला दिसतो. मोरपंखी, रामा हिरवा, राणी, डाळिंबी, अंजिरी, जांभळा हे रंग पांढऱ्या केसांखाली जितके उठतात तितके ते काळ्या केसांखालीही उठत नव्हते. खात्री करायची असेल तर दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभं राहून, हनुवटीखाली एकदा बिस्किटी ओढणी धरा आणि एकदा मोरपंखी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली याचा निर्णय करू नका.

डाय लावणं बंद करायचंय, पण मधले महिने कसे काढू?

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे खांद्यापर्यंतचे केस पूर्ण पांढरे व्हायला दोन वर्षंही लागू शकतात. लवकर उरकायचं तर केस आखूड कापा, हाच खरा उपाय. अनेकींना आखूड केसांचा चेहरा इतका आवडतो की त्या परत वाढवतच नाहीत. मधल्या काळात भांग बदलता येतो, रुंद हेअरबँड किंवा स्कार्फ वापरता येतो. झीनत अमान 1951 च्या जन्मलेल्या, आणि 2023 मध्ये त्या इन्स्टाग्रामवर आल्या त्या रुपेरी केसांनीच. ते फोटो बघून डाय सोडणाऱ्या माझ्या ओळखीत आहेत.

डाय चालूच ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, तीही हौसच. फक्त बहुतेक डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं आणि वर्षानुवर्षं चाललेला डाय एके दिवशी अचानक बाधू शकतो. लावण्याच्या 48 तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघायचा. खाज, पुरळ आलं तर तो डाय बंद, आणि डॉक्टरांना दाखवायचं.

काळा रंग नेसलेला चालतो का?

संक्रांतीला अख्खा महाराष्ट्र काळी चंद्रकळा नेसतो, हळदीकुंकवालाही जातो. जानेवारीत चालणारा रंग जूनमध्ये का चालू नये? लाल किंवा सोनेरी काठ असलेली काळी साडी पांढऱ्या केसांवर फार देखणी दिसते.

दंड सैल पडलेत. स्लीवलेस घालू का?

घालावंसं वाटत असेल तर घाला. दंड सैल पडणं हे वयाबरोबर होतंच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शिवणाऱ्याकडून मात्र दोन गोष्टी करून घ्या. मुंढा खोल नको, काखेशी कापड घट्ट आणि वर आलेलं हवं, नाहीतर बाजूनं आतलं दिसतं. आणि खांद्याची पट्टी रुंद हवी. अरुंद पट्टी दोन तासांत खांद्याला काचायला लागते.

मन होत नसेल तर नेटची, ऑर्गंझाची किंवा लेसची बाही लावा. हात झाकलेला राहतो आणि उकडत नाही. ज्यांना अचानक अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, त्यांनी सिंथेटिक अस्तर टाळायचं. अस्तर सुती मलमलचंच सांगा, शिवणारी म्हणेल ते चुरगळतं, तरीही.

जन्मभर साडीच नेसली. आता ड्रेस किंवा पँट घालावी का?

आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी पहिला पंजाबी ड्रेस प्रवासात घातला. चारधाम, काश्मीर, नाहीतर मुलाकडे अमेरिकेला. परक्या गावात ओळखीचं कुणी बघत नाही आणि बसच्या पायऱ्या चढताना सुटसुटीत वाटतं. परत आल्यावर तो ड्रेस ट्रंकेत जातो, ते मात्र वाईट. प्रवासात सोयीचा वाटलेला कपडा भाजी आणायला जातानाही तितकाच सोयीचा असतो.

सुरुवातीला सरळ कटाचा, गुडघ्याखाली जाणारा सुती कुर्ता आणि सैल पँट घ्या. कुर्त्याला खिसा हवाच, दोन्ही बाजूंना. मोबाइल, घराची किल्ली, रुमाल सगळं बसतं आणि हात मोकळे राहतात. बायकांच्या कपड्यांना खिसे नसावेत हा नियम कुणी केला कोण जाणे, मी तो पाळत नाही. जीन्स घालायची असेल तर कमरेला मागून इलॅस्टिक असलेली घ्या आणि विकत घेताना खाली बसून बघा.

साडी सोडायचीच असंही काही नाही. साडीखाली बूट घातले तरी केवढा फरक पडतो! उषा उथुप 1947 च्या. कांजीवरम साडी, कपाळावर मोठी टिकली, केसांत फुलं आणि पायांत कांजीवरमचं कापड लावलेले स्पोर्ट्स शूज, अशा त्या गायला उभ्या राहतात. 2024 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. टाचा दुखणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे पाय जपावे लागणाऱ्यांनी हा कित्ता जरूर गिरवावा. पायांना बूट लागतातच, मग ते लाल का असू नयेत?

घरचे नाक मुरडतात. "म्हातारचळ लागलाय" असंही ऐकलं.

लागतं ते मनाला. ऐकून न ऐकल्यासारखं करा, हा सल्ला देणं सोपं आहे, मी देत नाही. बोलणारं कोण आहे ते बघा.

नवरा म्हणत असेल तर बहुतेक वेळा त्याला बदलाचीच सवय नसते. त्याला आधी दाखवू नका, 'कसं दिसतंय' असं विचारू नका. नेसा आणि कामाला लागा. चार वेळा बघितलं की त्याचे डोळे सरावतात. मुलगा-सून लाजत असतील तर सरळ बोला : "तुमच्या कपड्यांबद्दल मी बोलत नाही, माझ्याबद्दल तुम्ही बोलू नका." भिशीतली, कट्ट्यावरची मैत्रीण बोलली तर मात्र तिला पुढच्या खेपेला बरोबर खरेदीला न्या. टोमणा मारणारीला बऱ्याचदा स्वतःलाच काहीतरी हवं असतं, हे मी दुकानात पुन्हा पुन्हा बघितलं आहे.

धीर एकटीनं येत नसेल तर गर्दीत या. नवरात्रातले नऊ रंग त्यासाठी फार उपयोगी. सोसायटीतल्या सगळ्याच जणी पोपटी नेसतात तेव्हा तुमच्याकडे कुणी वळून बघत नाही, आणि पोपटी आपल्याला बरा दिसतो हे तुम्हाला कळतं. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, फेटा घालून चालणाऱ्या सत्तरीच्या बायका डोंबिवलीत, गिरगावात दरवर्षी दिसतात. त्यांच्यात सामील व्हा.

खांदा वर जात नाही, गुडघे दुखतात. नटणं कसं जमणार?

कपडा शरीराला जुळवून घ्यायचा. खांदा आखडला असेल तर हूक पुढे हवेत, आणि हूकांऐवजी मोठी चापाची बटणं लावून मिळतात. कुर्ता डोक्यातून घालण्याऐवजी पुढून पूर्ण उघडणारा शिवा. उभं राहून निऱ्या घालणं जमत नसेल तर निऱ्या शिवलेली साडी घ्या. शिवलेली नऊवारी तर परकरासारखी चढवता येते. तुमच्या जुन्या साडीचीही ती शिवून मिळते, फक्त सहावारीची करताना काष्ट्याला कापड कमी पडतं. पूर्ण घोळ हवा तर नऊ वार कापडच लागतं.

आणि परकराच्या नाडीबद्दल काळजीनं सांगते. रोज त्याच जागी दोरीसारखी नाडी करकचून बांधली की कमरेला काळा वळ पडतो, खाज येते, कातडी फाटते. बायका तिथे हळद-तेल लावून वर्षं काढतात. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क महिलांची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोघींच्याही कमरेच्या जुन्या न भरणाऱ्या जखमेत त्वचेचा कर्करोग निघाला. असं क्वचित होतं, पण महिनोन् महिने न भरणारी जखम असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवी. परकराला दोन इंची पट्टा किंवा रुंद इलॅस्टिक लावून घ्या, घरात असताना सैल सोडा. आठवड्यातले काही दिवस कुर्ता-पँट घातली तरी कमरेला आराम पडतो.

कपाटात पैठण्या, नारायणपेठी, लग्नातला शालू पडून आहे. कापून काही शिवू का?

धड असलेली पैठणी कापू नका, नेसा. 'काही कार्य निघालं की नेसू' म्हणत ठेवलेलं रेशीम घडीवरच चिरतं. पैठणीवर साधा पांढरा किंवा काळा सुती ब्लाउज घाला, मोत्यांऐवजी एकच मोठं चांदीचं गळ्यातलं घाला, आणि वाढदिवसाला, नाटकाला, बँकेतल्या मैत्रिणीच्या निरोप समारंभाला नेसून जा.

जी साडी अंगात चिरली आहे पण काठ-पदर शाबूत आहे, तिचं जॅकेट करायचं. मोरांचा किंवा असावलीचा, म्हणजे फुलवेलीचा, पदर पाठीवर आला पाहिजे, काठ पुढच्या दोन्ही कडांना. मागून अस्तर जाड लावायचं म्हणजे जीर्ण रेशमावर ताण येत नाही. असं जॅकेट साध्या कुर्त्यावर घातलं की दुसऱ्या कशाचीच गरज पडत नाही. ठेवताना मलमलमध्ये गुंडाळून, दर काही महिन्यांनी घडी बदलून ठेवा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका.

टिकली, चष्मा, दागिने?

चष्मा रोज चेहऱ्यावर असतो आणि आपण त्यालाच सगळ्यांत कमी वेळ देतो. न दिसणारी रिमलेस फ्रेम मागण्याऐवजी जाड, रंगीत फ्रेम घालून बघा. न्यू यॉर्कच्या गृहसजावटकार आयरिस ॲपफेल भल्यामोठ्या गोल काळ्या चष्म्यासाठी आणि हातभर बांगड्यांसाठी ओळखल्या जायच्या. 2005 मध्ये तिथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं त्यांच्या कपड्यांचं आणि दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्या 84 वर्षांच्या होत्या. 102 व्या वर्षी, 2024 मध्ये, त्या गेल्या.

टिकली मोठी लावा, पण कपाळावर पांढरट डाग दिसायला लागला तर लगेच थांबा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनानं त्वचेचा रंग जातो. असा डाग पडणाऱ्यांनी जुनं मेण-कुंकू वापरावं.

हे सगळं बायकांसाठीच का? माझे यजमान निवृत्त झाल्यापासून जुन्याच पँटी घालतात.

पुरुषांची पंचाईत वेगळी. चाळीस वर्षं फिकट निळा शर्ट आणि करडी पँट घातली, आता काय आवडतं हेच आठवत नाही. त्यांना कुर्त्यापासून सुरुवात करू द्या : हळदी, मेंदी, वाइन, इंडिगो. लांबी गुडघ्यापर्यंत, खाली सुती पँट. खादी भांडारात कापड घेऊन मापानं शिवून घेतलेला कुर्ता तयार कुर्त्यापेक्षा पोटावर नीट बसतो. छापील शर्ट आवडत असेल तर बाहेर सोडून घालायचा, खोचायचा नाही. दोघांनी मिळून एक दिवस खरेदीला जा, आणि त्यांचे कपडे त्यांना निवडू द्या.

शिवायला टाकताना नेमकं काय सांगू?

जुना ब्लाउज मापाला देऊ नका. तो दहा वर्षांपूर्वीच्या अंगाचा आहे. आजचं माप द्या, आणि देताना आत तीच अंतर्वस्त्रं हवीत जी त्या ब्लाउजखाली घालणार आहात. दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवायला सांगा, पुढेमागे उसवून सैल करता येतो. गळा किती खोल ते 'जरासा' अशा शब्दांत न सांगता टेप लावून इंचात ठरवा. फोटो दाखवायचा असेल तर मोबाइलमध्ये ठेवून घेऊन या. त्यातली मॉडेल वीस वर्षांची आहे म्हणून संकोचू नका, गळ्याचा आकार समजायला तेवढं पुरतं. आणि तयार झाल्यावर दुकानातच घालून बघा : दोन्ही हात वर करा, खाली वाका, स्टुलावर बसा, खोल श्वास घ्या. कुठे ओढलं, टोचलं तर तिथेच उसवून घ्या आणि मगच पैसे द्या.